शेंगा खायले!

माझा वाढदिवस ३ ऑक्टोबरला येतो आणि मी भारतात होतो तोवर ही गोष्ट अगदी निरुपद्रवी होती. आदल्या दिवशीची गांधीजयंतीची सुट्टी लोळून काढल्यामुळे मंडळींचा उत्साह मावळलेला असे आणि मी आईच्या हातचा शिरा खाऊन वयाची एक पायरी बिनबोभाट चढत असे. नोकरीनिमित्त शांघायला आलो तेव्हा कळले, की १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रदिन असून त्याला जोडून आठवडाभर सुट्टी असते, त्या आठवड्यात अवघा देश एकदम घराबाहेर पडतो आणि माझा वाढदिवस त्या लोंढ्याच्या ऐन मध्यावर उभा आहे. १९९९ सालापासून चालत आलेल्या या सुट्टीला ‘सुवर्ण सप्ताह’ म्हणतात. सरकार सुट्टी देते खरे. पण तिच्यातले काही दिवस मागच्यापुढच्या शनिवार-रविवारी कामावर बोलावून वसूलही करते. आपलीच सुट्टी आपल्याला उसनवारीवर मिळते.

यंदा चाळीस पूर्ण होत असल्यामुळे तो दिवस घरी, दार लावून, वरणभात खाऊन काढायचा असे मी ठरवले होते. त्यासाठी चिनी रूढीचाच आधारही शोधून ठेवला होता. ‘चार’ आणि ‘मृत्यू’ या दोन शब्दांचे चिनी उच्चार जवळजवळ सारखे असल्यामुळे तिथल्या काही भागांत पुरुषाची चाळिशी साजरी करत नाहीत. ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीपुढे मी हा मुद्दा मोठ्या विजयी मुद्रेने मांडला. तिने क्षणभर बोटे मोजली आणि शांतपणे सांगितले, की जुन्या पद्धतीने मूल जन्मतःच एक वर्षाचे धरतात आणि पुढे दर चांद्र नववर्षाला सगळ्यांचे वय एकदमच वाढते. तेव्हा मी या वर्षीच्या वसंतोत्सवालाच, म्हणजे चांद्र नववर्षालाच, एकेचाळीस वर्षांचा झालो असून धोका केव्हाच टळला आहे. शेजारी बसलेला नागपूरकर हे ऐकून म्हणाला, “काऊन बे, चाळिशी गपचूप उरकतो का? पार्टी कुठंय?” वाढदिवस ज्याचा, खर्च त्याचा, हा नियम नागपूर आणि शांघाय या दोन्ही ठिकाणी सारखाच आहे, हे मला तेव्हा उमगले.

हांगचौला जायचे ठरले, तेही कुणी ठरवले हे मला अजून कळलेले नाही. तिथे ‘शीहू’ म्हणजे पश्चिम सरोवर आहे, २०११ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि शांघायच्या होंगछ्याओ स्थानकापासून वेगवान गाडीने तासाभरात पोहोचता येते. तिकिटांची विक्री पंधरा दिवस आधी उघडते. मैत्रिणीने त्यासाठी गजर लावला होता, तरी बसण्याच्या दोन आणि उभे राहण्याच्या दोन अशीच तिकिटे मिळाली. उभ्याच्या तिकिटाचे भाडे दुसऱ्या वर्गात बसण्याइतकेच असते, हे मला मान्य करायला जड गेले. आसने महिलांना द्यावीत असा मराठी संस्कार नागपूरकराच्या सौभाग्यवतींनी आठवण करून दिल्याने मला त्या क्षणी आठवला आणि मी एकेचाळिसाव्या वर्षाचा पहिला तास प्रसाधनगृहाच्या दाराला टेकून, दर दोन मिनिटांनी बाजूला सरकत, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने काढला.

गर्दीसाठी चिनी भाषेत ‘रनशान रनहाय’ असा शब्द आहे. माणसांचा डोंगर, माणसांचा समुद्र. मी तो अलंकार समजत होतो. सरोवराच्या काठी एक ‘तुटका पूल’ आहे. तो तुटलेला मुळीच नाही, पण मनुष्यरूप घेतलेली पांढरी नागीण आणि तिचा प्रियकर यांची पहिली भेट तिथे झाली, अशी लोककथा असल्यामुळे सुट्टीवर आलेल्या प्रत्येकाला तो पाहायचाच असतो. त्या दिवशी पूल दिसला नाही. पुलाच्या आकाराची डोकी दिसली. आम्ही त्यावर चढलो असे म्हणणे धाडसाचे होईल, आम्ही चढवले गेलो. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात मी वाट काढलेली आहे. पण तिथे निदान पुढे विठ्ठल आहे हे माहीत असते. इथे पुढे फक्त तोच रस्ता आणि तोच जमाव होता. नागिणीला ज्याच्याखाली कोंडले अशी कथा आहे, तो लेईफंग मनोरा १९२४ साली कोसळला. त्याच्या विटा गुणकारी म्हणून लोक एकेक करून काढून नेत होते, हे त्याचे एक कारण. २००२ साली तो नव्याने उभा राहिला आणि वर जायला सरकते जिने आले. वहिनींना हे फार आवडले. “भाऊजी, पर्वतीला असं काही करायला पाहिजे,” असे त्या वर पोहोचेपर्यंत तीनदा म्हणाल्या.

चीनच्या एक युआनच्या नोटेच्या पाठीमागे याच सरोवरातले तीन छोटे दगडी मनोरे छापलेले आहेत आणि बोटीतून नोट हातात धरून, चित्र आणि दृश्य जुळवून फोटो काढणे हा तिथला धर्म आहे. अडचण अशी, की चीनमध्ये भाजीवालासुद्धा मोबाइलवर पैसे घेत असल्याने आम्हा चौघांकडे मिळून एकही नोट नव्हती. माझ्या पाकिटाच्या तळाशी दहा रुपयांची नोट निघाली. तिच्यामागे कोणार्कचे सूर्यमंदिर आहे. नागपूरकराने ती मनोऱ्यांपुढे धरून मोठ्या निष्ठेने फोटो काढला आणि शेजारच्या चिनी आजोबांनी तिच्यावरच्या चाकाकडे बोट दाखवून, ते सरोवरात नेमके कुठे आहे, अशी विचारणा केली.

दुपारचे जेवण हा खरा अध्याय. मी शाकाहारी आहे आणि तसे सांगण्यासाठी ‘वो छ सू’ असे म्हणतात. या वाक्याचा मराठी कानाला जो अर्थ लागतो तो इथे देत नाही. मी घेवडा मागवला. कोरडा परतलेला, सुरकुतलेला, लाल मिरच्यांत लोळवलेला घेवडा आला तेव्हा डोळ्यांत पाणी आले, इतका तो घरच्यासारखा दिसत होता. शेंगांना मात्र काहीतरी तपकिरी, रवाळ चिकटले होते. मी वेटरला विचारले, हे मांस आहे का? त्याने वाकून पाहिले आणि मला धीर दिला, “छे, मांस नाही. नुसता खिमा आहे.” शेजारी नागपूरकर दोंगपो नावाचा डुकराच्या मांसाचा पदार्थ चाखत होता. सू दोंगपो हा अकराव्या शतकातला थोर कवी. हांगचौचा अधिकारी असताना त्याने सरोवरातला गाळ उपसून त्याचा लांबलचक बांध घातला. एवढे करून त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले ते चरबीच्या चौकोनी तुकड्यांमुळे, याचे मला भुकेल्या पोटी फार वाईट वाटले.

रात्री हॉटपॉट. टेबलाच्या मधोमध उकळता रस्सा आणि त्यात आपले आपण शिजवून खायचे. आमच्यासाठी भांड्यात पडदा घातलेली जोडी आली: एका बाजूला गाईच्या चरबीतला लालभडक रस्सा, दुसऱ्या बाजूला माझ्यासाठी अळंब्यांचा. चार चॉपस्टिकांच्या जोड्या त्या पडद्याची सीमा किती वेळ पाळतील याचा हिशेब करत मी पालक, बटाटा आणि कमळाचे देठ घाईघाईने उरकत होतो. मैत्रिणीने दीर्घायुष्याच्या शेवया मागवल्या. हा वाढदिवसाचा मान. शेवई तोडायची नाही, तुटली तर आयुष्य तुटते. एक टोक तोंडात आणि दुसरे भांड्यात अशा अवस्थेत मी श्वास रोखून असतानाच हॉटेलातले दिवे मंदावले आणि सहा वेटर झगमगते फलक नाचवत, टाळ्या वाजवत टेबलाभोवती उभे राहिले. त्यांना कुणी सांगितले, हे वहिनींच्या चेहऱ्यावर लिहिले होते. “शंगर ख्वायल!” म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा. आजूबाजूची टेबलेही त्यात सामील झाली. नागपूरकराला चार वर्षांत चिनी आले नाही, पण शब्द त्याला तेवढ्यापुरते वऱ्हाडी वाटले आणि तो सर्वांत वरच्या पट्टीत ओरडू लागला, “शेंगा खायले! शेंगा खायले!” मला हसू फुटले आणि दीर्घायुष्याची शेवई वितभर अंतरावर तुटली.

तेवढ्यात फोन वाजला. तिकडचे ॲप इकडे बंद, इकडचे तिकडे बंद, म्हणून भारतातले सिमकार्ड मी केवळ आईसाठी जिवंत ठेवले आहे. पडद्यावर आधी निरांजन आणि मागून आई आली. फोनला ओवाळून झाल्यावर तिने मागचा गोंगाट पाहिला आणि म्हणाली, “अरे, आज कशाला एवढा खर्च? तारखेचं काही खरं नसतं. तिथीनं तुझा वाढदिवस पुढच्या शनिवारी आहे.”

मी सुटकेचा निःश्वास टाकून तिला सांगितले, की पुढच्या शनिवारी सुट्टीची परतफेड म्हणून ऑफिस आहे, तेव्हा काही जमणार नाही. मैत्रिणीला हे सारे भाषांतर करून सांगितले. तिचे आजोबाही चांद्र तिथीनेच वाढदिवस करतात, त्यामुळे तिला ते लगेच पटले. तिने मोबाइल उघडून केकची मागणी नोंदवली, पत्ता ऑफिसचा दिला आणि पैसे भरण्यासाठी मोबाइल माझ्यापुढे सरकवला.