गांधीहत्येतली ‘चौथी गोळी’: मामांना आलेल्या मेसेजचं उत्तर

आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी एक लांबलचक मेसेज टाकलाय. सार असं: गांधीजींना चार गोळ्या लागल्या, नथुराम गोडसेने तीनच झाडल्या, चौथी ब्रिटिशांच्या ‘फोर्स १३६’ या गुप्त संघटनेची, सरकारने हे लपवलं, स्वतंत्र संशोधकांनी शोधून काढलं. मामा वाचणारा माणूस. त्यांनीही हे न तपासता पुढे पाठवावं, याचा राग येतो.

चार गोळ्यांचा आधार काय, तर दुसऱ्या दिवशीच्या काही बातम्या आणि फोटो. संध्याकाळी सव्वापाचला घडलेली घटना, देशभर हलकल्लोळ, रातोरात छापलेले अंक. त्यातला आकडा खरा मानायचा आणि लाल किल्ल्यातल्या खटल्यात साक्षी-पुराव्यांनिशी ठरलेल्या तीन गोळ्या खोट्या? असं कसं?

आता सगळ्यात न पटणारी गोष्ट. फेब्रुवारी १९४९ मध्ये फाशी सुनावल्यावर गोडसेने पंजाब उच्च न्यायालयात अपील केलं. सिमल्याला सुनावणी झाली, तिथे तो स्वतः उभा राहून बोलला. अपील कशाविरुद्ध होतं? फक्त कटाच्या आरोपाविरुद्ध. खुनाच्या शिक्षेला त्याने आव्हानच दिलं नाही. मारणारा स्वतः सांगतोय, मी मारलं, आणि आपण सत्तर वर्षांनी त्याच्या वतीने दुसरा मारेकरी शोधतोय! बरं, न्यायाधीश डोळे मिटून बसले होते असंही नाही. याच अपिलात डॉ. परचुरे आणि शंकर किस्तय्या हे सहआरोपी निर्दोष सुटले, गोडसे आणि त्याचा साथीदार नारायण आपटे यांची फाशी कायम राहिली.

नव्याने चौकशी व्हावी अशी याचिका २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही गेली. न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारा वकील, नेमलं. त्यांनी जुने कागद तपासून सांगितलं की दुसऱ्या मारेकऱ्याचा पुरावा नाही. मार्च २०१८ मध्ये याचिका फेटाळली. मेसेजमध्ये याचिका आहे, निकाल गायब आहे. यालाच मी लबाडी म्हणते.

‘पोस्टमॉर्टेम झालं नाही’ हे मात्र खरं. व्हायला हवं होतं, हेही मान्य. पण त्यातून ब्रिटिश हेर कसा निघतो? गोडसेच्या जबाबावर बंदी होती, हेही खरं. पण त्या जबाबात तो गुन्हा कबूल करतो.

लपवाछपवीचा एवढाच संशय असेल तर मामांनी गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या न्या. जीवनलाल कपूर आयोगाचा अहवाल वाचावा. २० जानेवारीला बिर्ला हाऊसमध्ये स्फोट झाला, कटातला मदनलाल पाहवा जागेवर पकडला गेला. मुंबईत प्रा. जैन यांनी त्याच्याच तोंडून ऐकलेलं तेव्हाचे मुंबईचे गृहमंत्री मोरारजी देसाईंच्या कानावर घातलं. तरीही दहा दिवसांत दिल्ली आणि मुंबईच्या पोलिसांना गोडसेपर्यंत पोहोचता आलं नाही. आयोगाने तपासातल्या ढिलाईवर कडक ताशेरे ओढलेत. प्रश्न विचारायचे तर हे विचारा: कोणाला काय कळलं होतं, कधी कळलं, आणि पुढे कोण हललं नाही. ‘फोर्स १३६’ला पुढे केलं की या सगळ्यांना, आणि पुण्या-नगरच्या कटवाल्यांनाही, आयती सूट मिळते.