‘ताई, आदिवासींचा पुळका विनिपेगलाच का आला?’

दादा, गेल्या आठवड्याच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला. लगेच एक उत्तरही लिहिलं होतं, दुसऱ्या दिवशी ते खोडलं. तुम्ही रागाने लिहिलंय, पण उगाच नाही लिहिलेलं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते. मुलुंडला होते तेव्हा मला शहापूरचा कातकरी दिसला नाही, कॅनडात विनिपेगला येऊन मात्र आदिवासींचा पुळका आला. पाप गोऱ्यांनी केलं, तर माफी मागत मी कशाला फिरते? आणि ‘सलोखा’ (इथल्या आदिवासींशी नातं जुळवण्याचं आमच्या संस्थेचं काम) हे एक दुकान आहे, त्याचा गल्ला कोण भरतं ते सांगा.

गल्ल्याचं आधी उरकते. आमची सहा माणसांची संस्था आहे. साधारण निम्मा पैसा सरकारी अनुदानातून येतो, बाकीचा देणग्यांतून. अनुदान मार्चअखेर संपतं, त्यामुळे फेब्रुवारीत आमची झोप उडालेली असते. पगार आधीच्या बँकेतल्या नोकरीपेक्षा कमी आहे. दुकान म्हणायचं तर म्हणा, पण धंदा बेताचाच.

आता माफी. मी ती मागत नाही आणि माझ्याकडून कुणी मागितलीही नाही. निवासी शाळांबद्दलची माफी 11 जून 2008 रोजी पंतप्रधान हार्पर यांनी संसदेत मागितली. आपली भाषा नि रीत विसरावी म्हणून दीड लाखाच्या आसपास आदिवासी मुलं घरातून उचलून त्या शाळांत घातली होती, आणि शेवटची शाळा बंद झाली ती 1990 च्या दशकात, म्हणजे मी दहावीच्या क्लासला जात होते तेव्हा. पुढे या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने 2015 साली 94 शिफारशी केल्या. त्यातल्या शेवटच्या दोन आपल्यासारख्यांबद्दल आहेत, बाहेरून येऊन नागरिक होणाऱ्यांबद्दल. एकीत म्हटलंय की नागरिकत्वाच्या परीक्षेत आणि पुस्तिकेत हा इतिहास नीट घाला, दुसरीत म्हटलंय की शपथ बदला. शपथ जून 2021 मध्ये बदलली. मी ती पुढच्या वर्षी घेतली, झूमवर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून. वर इस्त्रीचा कुर्ता, खाली पायजमा. फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटिस या आदिवासी लोकांचे करारातले हक्क मान्य करणारी राज्यघटना मी पाळीन, हे मी उजवा हात वर करून बोलले आहे. गोऱ्यांचं पाप माझ्या डोक्यावर नाही, पण करारावर आता माझीही सही आहे असं मी धरते.

करार म्हणजे काय ते इथे दरवर्षी डोळ्यांनी दिसतं. विनिपेग पहिल्या कराराच्या जमिनीवर आहे. तो 3 ऑगस्ट 1871 रोजी इथल्या आदिवासींशी व्हिक्टोरिया राणीच्या नावाने झाला. (त्याच वर्षी त्याच राणीच्या राज्यात हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आला. आधी उत्तरेत, आपल्या पारध्यांपर्यंत पोचायला त्याला थोडा वेळ लागला.) करारातल्या माणसाला वर्षाला 5 डॉलर मिळतात. 1875 मध्ये 3 चे 5 झाले, त्यानंतर रक्कम हललेली नाही. दोन नद्या मिळतात त्या जागी टेबल मांडलेलं असतं, लाल कोटातला पोलीस उभा असतो, रांग लागते आणि कोऱ्या नोटा मोजून दिल्या जातात. गेल्या वेळी माझ्यासमोरच्या एका आजींनी नोट घडी करून पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, ‘‘कॉफी येईल. डोनट नाही यायचा.’’

आणि नव्याने आलेला आपला माणूस सहा महिन्यांत काय शिकतो? ‘‘यांना सगळं फुकट. टॅक्ससुद्धा नाही.’’ टॅक्सची सवलत फक्त सरकारदरबारी आदिवासी म्हणून नोंदणी असलेल्यांना आणि तीही रिझर्व्हवरच्या, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनीवरच्या, कमाई-खरेदीपुरती असते, शहरात नोकरी करणारा इतरांसारखाच टॅक्स भरतो. हे सांगितलं की लोक मान डोलावतात, आणि चहाच्या वेळी तेच वाक्य पुन्हा ऐकू येतं. ‘आमच्या टॅक्सवर’, ‘सवलती’, ‘फुकटे’ हे शब्द आपल्याकडे कुणाबद्दल वापरतात ते तुम्हाला सांगायला नको. विमानातून आपण लोणच्याच्या बरणीबरोबर हेही आणतो. ‘‘नॉर्थ एंडला घर बघू नकोस’’ हे, म्हणजे आदिवासी जास्त राहतात त्या भागात नको हे, मला आपल्याच मंडळींनी पहिल्या आठवड्यात सांगितलं. पुढे दोन वर्षं मीही ते नव्या लोकांना सांगत होते. माझं आउटरीच, म्हणजे लोकांपर्यंत पोचायचं काम, बहुतेक वेळा एवढंच असतं: नव्या लोकांच्या इंग्रजीच्या वर्गात, गुरुद्वाऱ्याच्या हॉलमध्ये, मंडळाच्या गणपतीत खुर्च्या मांडायच्या आणि हे वाक्य कुणी तोंडावर बोललं तर पळून न जाता बसायचं.

दिखाव्याबद्दल तुमचं बरोबर आहे. इथे प्रत्येक सभेच्या सुरुवातीला ‘आपण अमक्यांच्या भूमीवर जमलो आहोत’ असं म्हणतात. त्याचं आपल्या दीपप्रज्वलनासारखं झालंय. वात पेटली, फोटो निघाला, मंडळी मोकळी. ‘सलोखा’ शब्दही मलाच टोचतो. सलोखा बांधावरून भांडण झालं की होतो. इथे अख्खं शेतच गेलं. क्री जमातीच्या एका सहकाऱ्याला मी हा शब्द समजावून सांगितला, तर तो म्हणाला, ‘‘सलोख्याआधी शेत परत देतात का तुमच्यात?’’ मी विषय बदलला.

आमच्याबरोबर वर्गात येणाऱ्या एक आजी स्वतः निवासी शाळेतल्या आहेत. आपली भाषा बोललं की तिथे साबणाने तोंड धुवायचे. एकदा त्यांनी सहज विचारलं, मुलीशी कोणत्या भाषेत बोलतेस? म्हटलं, इंग्रजीत, मराठी तिला येत नाही फारशी. ‘‘तिला कुणी साबण लावला?’’ त्या हसत होत्या. मी नाही हसले.

आता कातकऱ्यांचं. इथे मात्र मी निरुत्तर आहे, आणि माझ्या लेखात ते यायला हवं होतं. विनिपेगच्या नळाला येणारं पाणी सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या शोल लेकमधून येतं. 1919 मध्ये कालवा पूर्ण झाला. त्या कामात शोल लेक 40 या अनिशिनाबे आदिवासींच्या वस्तीची जमीन गेली आणि उरलेली वस्ती चर खणून तोडली, तिचं बेट झालं. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात बर्फावरून चालायचं, आणि बर्फ कच्चं असलं की माणसं आत जायची. शहर ज्या तळ्याचं पाणी पीत होतं, त्याच तळ्याकाठी 1997 पासून 2021 पर्यंत पाणी उकळून पिण्याचा हुकूम होता. रस्ता मिळाला 2019 साली. हे मी वर्गात सांगते तेव्हा टेबलावर नळाच्या पाण्याचा जग ठेवते.

पण मी वाढले तानसा-भातसाच्या पाण्यावर. तानसा 1892 चं. ती धरणं शहापूरच्या बाजूला, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. पेपरात दर एप्रिलला फोटो यायचा, डोक्यावर तीन हंड्यांची उतरंड घेतलेली बाई. मी पान उलटायचे. मुलुंडला चोवीस तास पाणी होतं आणि ते कुठून येतं हे मला शोल लेकमुळे कळलं, म्हणजे वयाच्या अडतिसाव्या वर्षी. तेव्हा पुळका उशिरा आला, हा आरोप मान्य. चुकीच्या ठिकाणी आला, हे मान्य नाही.

तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की तुमचं त्या भागात येणं-जाणं आहे. डिसेंबरात तीन आठवडे मुलुंडला येतेय. आसनगावला उतरून पुढे कुणाला भेटायचं, तेवढं कळवा.