काका, पाच मिनिटं!

मे महिन्याच्या शेवटी सोलापुरात हमखास ओल सापडेल अशी एक जागा मला ठाऊक आहे. आमच्या मोरीचं पाणी परसात बदामाच्या झाडाखाली जाऊन मुरतं, ती. बायको रोज "उद्या झाडून घेते" म्हणते आणि बदाम रोज नवी पानं टाकतो. त्यामुळे तिथं घोटाभर पाचोळा साठलाय. त्याखाली गांडुळं, गोगलगायी, किडेमकोडे असा सगळा गोतावळा. जेवणाची ही सोय वरून कशी दिसली कोण जाणे, पण एके दिवशी तिथं नवरंग उतरला.

नवरंग म्हणजे साळुंकीहून लहान, शेपटीच्या बाबतीत देवानं हात आखडता घेतलेला पक्षी. पाठ हिरवी, पंखावर निळा तुकडा, पोट फिकट बदामी, डोळ्यावरून जाडजूड काळा पट्टा आणि बुडाशी लालभडक. हिवाळा दक्षिणेत नाहीतर श्रीलंकेत काढायचा आणि पावसाच्या पुढेपुढे उत्तरेला सरकायचं, हा त्याचा नेम. प्रवास रात्रीचा. दमला की दिसेल त्या झाडाखाली उतरतो, कधी कुणाच्या बाल्कनीत, तर कधी चक्क घरात. आमच्याकडे आला तेव्हा तो दिवसभर पानं उलटायचा, किडा सापडला की गिळायचा आणि सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालायचा. बायको हातभर अंतरावर भांडी घासत असायची. त्याचं तिच्याशी काही भांडण नव्हतं. मी येता-जाता त्याला "काय पाहुणे" म्हणायचो. तो उत्तर द्यायचा नाही, पण उडायचाही नाही.

मग शेजारच्या यंत्रमागवाल्या अण्णांच्या पोरानं गच्चीवरून त्याचा फोटो काढला आणि लोकेशनसकट ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं मला हलवून उठवलं. "ऊठ बे, मिल्ट्री शिरलीय परसात." खिडकीतून बघतो तर खरंच. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे, तशाच टोप्या, आणि हातभर लांबीच्या नळ्या आमच्या मोरीवर रोखलेल्या. हे कपडे म्हणे जंगलात मिसळून जाण्यासाठी असतात. आमच्या निळ्या डिस्टेंपरच्या भिंतीपुढं ती मंडळी इतकी उठून दिसत होती, की नवरंग सोडून गल्लीतली कुत्री त्यांच्याकडेच बघून भुंकत होती. फाटकाला आतून कडी होती. ती कुणी काढली हे विचारल्यावर एकानं अत्यंत सौजन्यानं सांगितलं, "काका, तुमची झोपमोड नको म्हणून भिंतीवरून आलो."

आता आमच्या घराची रचना सांगणं भाग आहे. घर जुनं. संडास परसाच्या टोकाला. मागच्या दारातून तिथं जायला दहा-पंधरा पावलं, आणि वाट बदामाखालून. माझं पोट घड्याळावर चालतं. सहाला म्हणजे सहाला. मी निळी बादली घेऊन निघालो. बादलीची कडी कुरकुरली मात्र, आठ-दहा डोकी एकदम वळली आणि सगळ्यांची बोटं ओठांवर गेली.

"श्शू!"

"अहो, मला..."

"काका, पाच मिनिटं! आत्ताच उघड्यावर आलाय."

उघड्यावर जायची वेळ माझ्यावर येईल, असं मी म्हणणार होतो. पण एवढं लांब वाक्य बोलण्याच्या अवस्थेत मी नव्हतो. मी उभा राहिलो. आधी नुसता, मग पायाला पाय लावून. पाच मिनिटं झाली. पक्षी झाडामागं गेला. "काका, थोडं थांबा, तो पुन्हा येईल." तो आला. "काका, आता हलू नका, आलाय." म्हणजे पक्षी दिसत असेल तर मी हलायचं नाही आणि दिसत नसेल तर तो येण्यासाठी मी हलायचं नाही. दोन्ही बाजूंनी माझी वाट बंद. घाम फुटला. शेवटी दाढीवाल्या एका तरुणाला दया आली. तो कुजबुजला, "काका, जायचंच असेल तर रांगत जा. उभ्या माणसाला तो घाबरतो."

मी उभाच गेलो. पळतच म्हणा ना. पक्षी बसल्या जागी पान उलटत राहिला. घाबरले ते कॅमेरेवाले. "डिस्टर्बन्स फार आहे इथं," आतून मला ऐकू आलं. दाराला आतून कडी लावून बसलेला मी, माझ्याच घरातला डिस्टर्बन्स.

पक्ष्यापायी जमीन अडकण्याची आमच्या जिल्ह्याला सवय आहे, हे मला मान्य आहे. इथून वीसेक किलोमीटरवर नान्नज. 1979 साली माळढोकाचं अभयारण्य जाहीर झालं ते 8,496 चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली शेतं, गावं, वाड्या-वस्त्या, सगळं त्यात. आपल्या रानात आपण पाहुणे आहोत हे शेतकऱ्याला सातबाऱ्यापाशी गेल्यावर कळायचं. पुढं वर्षानुवर्षं कागद फिरले आणि क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. पण तो माळढोक होता हो! मीटरभर उंचीचा, एका वेळी एकच अंडं घालणारा, देशात मोजकेच उरलेला. त्याच्यासाठी संडास अडला असता तर मी समजून घेतलं असतं. वर्तमानपत्रात बातमी आली असती. नवरंगाचं तसं नाही. पावसाळ्यात कर्नाळ्याला जा, तो तिथं घरटं बांधायला येतोच. ही मंडळी नान्नजला माळढोक बघायला आलेली, तो काही दिसला नाही, म्हणून पेट्रोल वसूल करायला आमच्या मोरीवर.

पुढं पुढं त्यांच्या मागण्या वाढत गेल्या. पाचोळा झाडायचा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं (यावर बायको खूश होती, हे नमूद करतो). मग भांडी घासायला बंदी, कारण राखेचा रंग फोटोत बरा दिसत नाही. मग दोरीवरची चादर. "काका, ती काढता का? मागं लाल-लाल येतंय." अस्सल सोलापुरी चादर, भौगोलिक मानांकन मिळालेली, तिच्यावर दोन मोर विणलेले, आणि ह्यांना ती पार्श्वभूमीतला कचरा! आई म्हणाली, "पाखरंच बघायलाव ना? मग ही बघा की. हलत पण नाहीत."

मला राग आला तो मोबाइलचा. नवरंग झाडामागं गेला की एक जण खिशातून मोबाइल काढून त्याचीच शीळ वाजवायचा. बिचाऱ्याला वाटायचं, आपल्या जेवणावर दुसरा नर आला. खाणं टाकून तो छाती काढून धावत यायचा, इकडंतिकडं बघायचा, उलट शीळ घालायचा, आणि समोर कोण? बॅटरी पंधरा टक्के उरलेला फोन. पुढच्या रात्रीच्या प्रवासासाठी चार किडे पोटात जायचे, ते असे भांडणात जिरत होते. मी बादली वाजवली तर डिस्टर्बन्स; हे काय होतं? मी तसं विचारलंही. उत्तर मिळालं, "काका, हे टेक्निक आहे."

सगळेच तसले नव्हते. बाळ्याहून एक निवृत्त गुरुजी आले. सायकलवर, गळ्यात जुनी दुर्बीण. फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी कडी वाजवली आणि "बघितलं तर चालेल का हो?" असं विचारलं. त्या प्रश्नानंच घरात सगळे हलले. आईनं पायरीवर चटई टाकली, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं केली. गुरुजींनी भाकरी मोडता मोडता पक्षी पाहिला, वहीत दोन ओळी लिहिल्या, ताटली स्वतः विसळून ठेवली आणि निघाले. जाताना म्हणाले, "पाचोळा ठेवलात, बरं केलंत." बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की पुढची दोन वर्षं आमच्या परसात झाडू फिरणार नाही.

बाकीच्यांवर तोडगा आईनं काढला. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी घरात लग्नाची गडबड असते: पिंप, घागरी, कळशा, तांबे, चहाची पातेली, जे जे पोकळ ते ते भरायचं. नळ पुढच्या दारात, पिंप मागच्या. त्या पहाटे पाणी आलं तेव्हा परसात सात-आठ जण दबा धरून बसलेले. त्यातला एक म्हणाला, "आज्जी, पक्ष्याला आंघोळीला थोडं डबकं करू या का? दोन बादल्या ओता की."

आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दोन बादल्या? चार दिवसांचं पाणी हाय ते. आलाव तर भरू लागा. फुकट कोण बसायचं नाही हितं."

सत्तरीच्या वरची बाई कळशी पुढं करते म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नसते. लाखालाखाच्या नळ्या आमच्या कट्ट्यावर ओळीनं टेकल्या आणि ठिपक्यांचे कपडे पुढच्या दारातून मागच्या दारात फेऱ्या घालू लागले. अण्णा गच्चीवरून ओरडले, "काय बे, माणसं लावलाव की काय पाण्याला? माझी टाकी पण भरून द्या म्हणावं!" मी त्या धांदलीत निवांत बादली घेऊन जाऊन आलो. कुणी श्शू केलं नाही.

आणि नवरंग नेमका तेव्हाच बाहेर आला. पिंपातून सांडलेल्या पाण्यात उतरून त्यानं मनसोक्त आंघोळ केली, पंख झाडले, निळा तुकडा उन्हात चमकवला आणि पाचोळ्यात गेला. हे सगळं पाहिलं मी आणि बायकोनं. दाढीवाला तरुण तेव्हा दोन्ही हातांत घागरी घेऊन दारात उभा होता. घागरी ठेवून कॅमेऱ्यापर्यंत पोचेतो परसात फक्त ओल उरली होती.

तो पुण्याहून रात्रभर गाडी चालवून आलेला. चेहरा पार उतरला. धापा टाकत त्यानं आईला विचारलं, "आज्जी, आता परत कधी येईल हो?"

आईचं सगळं लक्ष नळाच्या बारीक होत चाललेल्या धारेकडे.

"शुक्रवारी," ती म्हणाली. "पण लवकर ये. प्रेशर नसतंय."