निळ्या जर्सीवरचे टाके

ब्राझीलच्या फुटबॉल संघाच्या निळ्या जर्सीला एका लेखात ‘दुय्यम पोशाख’ म्हणत दोन ओळींत निकालात काढलेले वाचले, ते मला पटले नाही. २९ जून १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या सोल्ना येथे झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात यजमान स्वीडनचा रंगही पिवळाच असल्याने ब्राझीलला आपली पिवळी जर्सी बाजूला ठेवावी लागली. तेव्हा स्टॉकहोममध्येच साध्या निळ्या जर्सी विकत घेऊन, पिवळ्यांवरची बोधचिन्हे उसवून ती त्यांवर शिवण्यात आली. खेळाडू खट्टू झाले, तेव्हा पथकप्रमुख पाउलो माशादो दे कार्व्हाल्यो यांनी निळा हा आपारेसिदा मातेच्या, म्हणजे ब्राझीलची पालक मानल्या जाणाऱ्या मारिया मातेच्या, वस्त्राचा रंग असल्याची आठवण करून दिली (सायबिणीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, फेस्तांना म्हणजे उत्सवांना हजेरी लावणाऱ्या आम्हां गोवेकरांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको), आणि सामना ५-२ असा जिंकला.

मुळात पिवळा रंगही तेव्हा नवाच होता, कारण १९५० च्या विश्वचषकात रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेकडून २-१ अशी हार पत्करल्यानंतर पांढरी जर्सी नकोशी झाली आणि नव्या जर्सीसाठी घेतलेल्या स्पर्धेतून आल्दिर गार्सिया श्ले यांचे पिवळ्या जर्सीचे संकल्पचित्र निवडले गेले. निळा रंग नेहमीच लाभला असेही नाही. १९७४ आणि २०१० मध्ये नेदरलँड्सकडून हरताना अंगावर निळाच होता.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेल्या माझ्या निळ्या जर्सीवरचे बोधचिन्ह नुसते चिकटवलेले निघाले आणि दुसऱ्याच धुण्यात सुटले. ते मी घरी पिवळ्या दोऱ्याने शिवले आहे.