लहानपणापासून एकत्र वाढला, तरी एंजल नेऑनला खातो

घरी माशांची टाकी ठेवू इच्छिणाऱ्यांमध्ये एक सल्ला या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत असतो. त्याचा आशय असा: मासे लहान असतानाच एकत्र सोडावेत, म्हणजे त्यांना एकमेकांची सवय होते, सगळे साधारण एकाच आकाराचे घ्यावेत, पोट भरलेले असले की मासा दुसऱ्याच्या वाटेला जात नाही, प्रत्येक जातीची एकेक जोडी घ्यावी, म्हणजे टाकी रंगीबेरंगी दिसते, आणि काचेला चिकटून शेवाळ खाणारा एक सकर मासा सोडला की सफाईची चिंता मिटते. सोबत दोन फुटी टाकीसाठी यादीही असते: दोन एंजल, दोन गोल्डफिश, दोन टायगर बार्ब, एक फायटर, चार नेऑन टेट्रा, काही गप्पी आणि एक सकर. सल्ला चांगल्या हेतूने दिला जात असेल, पण ही यादी जशीच्या तशी अमलात आणली तर काही महिन्यांत टाकीतील निम्मे मासे मरतात किंवा जखमी होतात, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

सवयीचा मुद्दा सर्वांत पटण्याजोगा वाटतो, म्हणून तो आधी घेतो. एंजल आणि नेऑन हे दोघेही मूळचे दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. पूर्ण वाढलेला एंजल सुमारे १५ सेंटिमीटरचा होतो, तर नेऑन जेमतेम ३ सेंटिमीटरचा आणि अंगाने सडपातळ. दुकानातून आणतो तेव्हा एंजल रुपयाच्या नाण्याएवढा असतो आणि त्याच्या तोंडात नेऑन मावत नाही. सुरुवातीच्या महिन्यांतील शांततेचे कारण एवढेच असते. तिचा ओळखीशी काहीही संबंध नसतो. मी स्वतः दहा नेऑन आणि दोन छोटे एंजल एकाच दिवशी आणले होते. सहा महिने सर्व काही सुरळीत चालले. मग एके सकाळी दिवा लावल्यावर नऊ नेऑन भरले, चार दिवसांनी आठ. मेलेला मासा तळाशी नव्हता आणि फिल्टरच्या जाळीवरही नव्हता. रात्री नेऑनचा रंग फिका पडतो आणि तो झाडांच्या आडोशाने जवळजवळ निश्चल राहतो. पहाटेच्या अंधूक उजेडात, नेऑन अजून पुरता जागा नसताना, एंजल त्याला टिपतो. एका पहाटे मी टाकीपाशी बसून राहिलो, तेव्हा एंजलच्या ओठांबाहेर नेऑनच्या अंगाचा मागचा लाल भाग अडकलेला दिसला. तो एंजल दुष्ट झालेला नव्हता. त्याचे तोंड मोठे झाले होते, इतकेच.

दुसरी गोष्ट, एंजल वयात आले की जोडी जमते. मादी रुंद पानावर किंवा फिल्टरच्या नळीवर अंडी घालते आणि त्या दिवसापासून नर-मादी दोघे मिळून बाकी सर्वांना टाकीच्या एका कोपऱ्यात रेटून ठेवतात. त्यात सोबत वाढलेली सख्खी भावंडेही सुटत नाहीत. या सल्ल्यात तथ्याचा अंश आहे तो फक्त एके ठिकाणी: एंजलची जोडी हवी असेल तर पाच-सहा लहान एंजल पुरेशा मोठ्या टाकीत एकत्र वाढवणे योग्य असते, कारण त्यांच्यातूनच नैसर्गिकपणे जोडी जमते. मात्र जोडी जमल्यावर उरलेले एंजल वेगळे काढावेच लागतात.

सारख्या आकाराचा निकषही टिकत नाही. फायटर आणि गप्पी यांच्या आकारात फारसा फरक नसतो. पण नर गप्पीची पसरट, रंगीत शेपटी पाहून फायटर त्याला आपला प्रतिस्पर्धी समजतो आणि तिच्या चिंध्या करतो. गोल्डफिशचे उदाहरण याहून बोलके आहे. तो स्वभावाने शांत, त्यामुळे कोणाशीही जमेल असे गृहीत धरले जाते. परंतु तो थंड पाण्यातला मासा आहे. त्याला १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान मानवते, तर एंजलला २५ अंशांच्या पुढचे. शिवाय आज ४ सेंटिमीटरचा दिसणारा गोल्डफिश पुढे १५-२० सेंटिमीटरचा होतो आणि इतकी विष्ठा टाकतो की दोन फुटी टाकीतील जेमतेम ५० लिटर पाण्यात अमोनिया साठत जातो. कोणी कोणाला चावले नाही, तरी नेऑनसारखे नाजूक मासे त्या पाण्यात टिकत नाहीत.

पोट भरण्याच्या मुद्द्यावर फार बोलण्याची गरज नाही. मासे जागेसाठी, जोडीदारासाठी आणि वरचढपणासाठी भांडतात. भूक हे त्यातले एक कारण आहे, एकमेव नव्हे. दिवसातून चारदा खाद्य टाकल्याने भांडणे थांबत नाहीत, उरलेले खाद्य मात्र तळाशी कुजते.

जोडीजोडीने मासे घेण्याचा सल्ला मला सर्वांत क्रूर वाटतो, कारण तो प्रेमाने पाळला जातो. टायगर बार्ब हा सुमात्रा आणि बोर्निओच्या ओढ्यांतील थव्याने राहणारा मासा. आठ-दहा असतील तर त्यांची कुरघोडी आपसांतच चालते. दोनच असतील तर दोघांतला दुबळा सतत मार खातो, किंवा दोघे मिळून एंजलच्या लांब परांचे लचके तोडतात. नेऑन आणि तळाशी वावरणारा कोरी यांचेही तसेच: दोघे-तिघे असले की ते फिके पडून आडोशाला बसून राहतात आणि सहा-आठ झाले की उघड्यावर फिरू लागतात. हा फरक डोळ्यांना दिसतो.

सकराच्या बाबतीत तर घेणाऱ्याची दोन्ही बाजूंनी फसगत होते. ५ सेंटिमीटरचा विकला जाणारा हा मासा ३० सेंटिमीटरच्या पुढे वाढतो. लहानपणी तो काचेवरचे शेवाळ खातो हे खरे. पण इतर माशांची विष्ठा तो खात नाही, उलट स्वतः भरपूर टाकतो. रात्री तो एंजल किंवा गोल्डफिशच्या चपट्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर ओरबाडतो आणि सकाळी तिथे पांढुरका चट्टा दिसतो. टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला नदीत किंवा तलावात सोडतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागांत आणि आंध्र प्रदेशातील जलाशयांत त्याने बस्तान बसवले आहे आणि त्याच्या काट्यांनी मासेमारांची जाळी फाटतात. कृपा करून असे कधीही करू नये.

मग दोन फुटी टाकीत काय ठेवावे? पाणी मृदू असेल तर आठ-दहा नेऑन, सहा कोरी आणि हनी गुरामीची एक जोडी. हनी गुरामी आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, मवाळ मासा आहे. बोअरवेलचे जड पाणी असेल तर गप्पी आणि प्लॅटी घ्यावेत, एका नरामागे दोन-तीन माद्या या प्रमाणात. सह्याद्री पर्वतावरून २०१३ साली ज्याच्या प्रजातीचे नाव ‘सह्याद्रिया’ ठेवले गेले, तो डेनिसन बार्बही शांत म्हणून सुचवला जातो. पण त्या चपळ, थव्याने पोहणाऱ्या माशाला चार फुटी टाकी लागते.

ज्यांच्या घरी ती यादी आधीच पोहत आहे, त्यांनी फायटर आजच २० लिटरच्या स्वतंत्र टाकीत हलवावा, गोल्डफिश आणि सकर मोठी टाकी असलेल्या ओळखीच्या माणसाकडे किंवा दुकानात परत द्यावेत, आणि एंजलचे तोंड नेऑनच्या डोक्याएवढे होण्याआधी दोघांपैकी कोणाला ठेवायचे ते ठरवावे.