डीट्रिश नावाबद्दल थोडी भर

तुमच्या लेखात डीट्रिश म्हणजे जर्मन अभिनेत्री मार्लेन डीट्रिश एवढंच आलंय. पण तिचं ते आडनाव. मुळात हे पुरुषाचं नाव, थिओडोरिकचं जर्मन रूप, अर्थ साधारण 'लोकांचा राजा'. जर्मन जुन्या वीरकथांतला 'बर्नचा डीट्रिश' म्हणजे गॉथ या प्राचीन जर्मन टोळीचा राजा थिओडोरिकच, आणि ते बर्न स्वित्झर्लंडमधलं नव्हे, इटलीतलं व्हेरोना. गंमत म्हणजे, किल्लीविना कुलूप उघडायच्या वाकड्या तारेच्या आकड्यालाही जर्मनीत डीट्रिशच म्हणतात!

संगीतात हे नाव असलेले म्हणजे जर्मनीतल्या ल्युबेकचे ऑर्गनवादक डीट्रिश बुक्सटहुडे. त्यांना ऐकायला १७०५ मध्ये विशीतला संगीतकार बाख आर्नश्टाट गावाहून सुमारे ४०० किलोमीटर चालत गेला. रजा चार आठवड्यांची आणि राहिला चार महिने. बॅरिटोन गायक फिशर-डीस्काऊही याच नावाचे.

मला मात्र या नावाने आधी आठवतात ते डीट्रिश बोनहोफर. हिटलरला उघड विरोध करणारे हे पाद्री. गांधीजींकडे येऊन राहायची त्यांची फार इच्छा होती, १९३४ मध्ये गांधीजींनी बोलावलंही होतं. पण जर्मनीत एका धर्मशिक्षण केंद्राची जबाबदारी आली आणि ते येणं राहूनच गेलं. ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिलं, वय अवघं ३९. महिन्याभरात जर्मनी शरण आली. त्यांच्यावर स्वतंत्र लेख जरूर लिहा.