अडगळ विकून गृहकर्ज फिटते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अडगळ आवरणे, घरखर्चाचा ताळेबंद आणि गृहकर्जाची मुदतपूर्व फेड यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. माळ्यावरची भांडी आणि रद्दी विकून लाखांचे कर्ज फिटत नाही. ते आमच्या घरातील दोन पगारांमुळे फिटले. गृहकर्ज हे सर्वांत स्वस्त कर्ज असल्यामुळे हाताशी आलेले जादा पैसे त्यात न घालता एसआयपीत (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालण्याच्या योजनेत) गुंतवायला हवे होते. मुदतीपूर्वी फेडल्यास बँक दंड लावते आणि प्राप्तिकरातील सवलतही जाते. या सगळ्या काटकसरीत सासूबाईंच्या आठवणींची भांडी मोडीत गेली आणि मुलांची हौस मारली गेली. अखेरीस ‘निदान घराचे कागद तरी वेळेवर हातात पडले का?’ असेही आपण विचारले आहे.

दोन पगार होते, हे खरे आहे आणि मूळ लेखातही ते लपवलेले नाही. एकाच पगारावर चालणाऱ्या, त्यातून गावी आईवडिलांना पैसे पाठवणाऱ्या घराने आमच्या वेगाशी स्वतःची तुलना करू नये. मात्र दोन पगार असले म्हणजे कर्ज आपोआप लवकर फिटते, हे मला मान्य नाही. दोन पगार दाखवले की बँक मोठे कर्ज मंजूर करते, आपण त्या मंजुरीइतके मोठे घर पाहतो आणि दुसरा पगार हप्त्यातच मुरतो. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात आम्ही घर शोधत होतो तेव्हा प्रत्येक विक्री-प्रतिनिधीचा पहिला प्रश्न ‘दोघेही नोकरी करता ना?’ हाच असे, आणि तो प्रश्न आमची फेडण्याची सोय पाहण्यासाठी नव्हता.

आता आकड्यांकडे येते, कारण आपल्या आक्षेपाचे मूळ तिथे आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून 32 लाखांचे कर्ज, 20 वर्षांची मुदत आणि 8.5 टक्के व्याजदर धरू. मासिक हप्ता सुमारे 27,770 रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील 22,667 रुपये व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम 5,100 रुपयांनी कमी होते. पूर्ण मुदतभर असेच भरत राहिल्यास एकूण व्याज साडेचौतीस लाखांच्या पुढे जाते, म्हणजे घेतलेल्या रकमेहूनही अधिक. आता याच हप्त्यावर पहिल्या महिन्यापासून दरमहा 5,000 रुपये जादा भरले, तर कर्ज सुमारे 14 वर्षांत फिटते आणि व्याज अदमासे 12 लाखांनी घटते. दरमहा 10,000 रुपये जादा भरता आले, तर मुदत 11 वर्षांच्या आत येते. पहिल्या वर्षाच्या अखेरीस एकरकमी 1 लाख रुपये भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे 17 हप्ते वाचतात. तेच लाख रुपये पंधराव्या वर्षाच्या अखेरीस भरले, तर जेमतेम पाच-साडेपाच हप्ते वाचतात. बहुतेक लोक जादा भरणा करतात तो निवृत्ती जवळ आल्यावर, हातात मोठी रक्कम आल्यावर. त्या वेळी त्याचा उपयोग सर्वांत कमी असतो. सुरुवातीच्या वर्षांत, पगार अपुरे आणि मुले लहान असताना, मोठी रक्कम कोणाकडेच नसते. त्या काळात चार-पाच हजार रुपये दरमहा कुठून काढायचे, हा माझ्या लेखाचा विषय होता.

यात अडगळीचा संबंध कसा, हा आपला प्रश्न रास्त आहे. भंगारवाल्याकडून, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणि मोडीच्या पितळेतून आलेली सगळी रक्कम एकत्र केली तरी एका हप्त्याच्या आसपासच होती. या बाबतीत आपण लिहिता ते पूर्ण बरोबर आहे आणि विक्रीतून कर्ज फिटल्याचा दावा मी केलेला नाही. फायदा दुसरीकडे झाला.

आमचे घर दोन बेडरूमचे आहे. त्यांपैकी छोटी खोली वर्षानुवर्षे सामानाने भरलेली होती: मुलांचा पाळणा, लग्नात आलेल्या आणि कधीच न उघडलेल्या भेटवस्तू, बंद पडलेला मिक्सर, तीन प्रेशर कुकर, ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेली टीव्हीची आणि फ्रिजची खोकी. मुले मोठी होऊ लागली तेव्हा जागा अपुरी पडते असे आम्हांला वाटू लागले आणि तीन बेडरूमच्या फ्लॅटची पाहणी सुरू झाली. त्या टप्प्यावर मी त्या खोलीचे भाडे मांडून पाहिले. 10 बाय 11 फुटांची खोली म्हणजे 110 चौरस फूट. चटईक्षेत्राचा दर चौरस फुटाला 7,000 रुपये धरला तर त्या खोलीची किंमत 7 लाख 70 हजार. आणि त्यावर साडेआठ टक्क्यांनी वर्षाचे व्याज सुमारे 65,000, म्हणजे महिन्याला जवळजवळ साडेपाच हजार रुपये. पाळणा, खोकी आणि जास्तीचे कुकर यांच्यासाठी आम्ही बँकेला दरमहा एवढी रक्कम देत होतो. खोली रिकामी केल्याने हे व्याज परत मिळत नाही, असे आपण म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. परंतु ती रिकामी झाल्यावर मुलांना अभ्यासाची व झोपण्याची जागा मिळाली आणि मोठ्या घराचा विचार मागे पडला. त्या घराचे नुसते मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार यांचे मिळून किमतीच्या 7 टक्के झाले असते (घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास 6 टक्के). 90 लाखांच्या घरावर सव्वासहा लाखांहून अधिक. नोंदणी फी, नवे फर्निचर आणि वाढीव मेंटेनन्स वेगळा, आणि कर्जाची वीस वर्षे पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा फायदा खरेदीवर झाला. सगळे सामान जमिनीवर मांडल्यावर एकच वस्तू आपण किती वेळा विकत घेतली आहे ते दिसते. स्क्रूड्रायव्हरचे संच, चादरी, पाण्याच्या बाटल्या, शाळेच्या अर्धवट वापरलेल्या वह्या. घरात आहे पण सापडत नाही म्हणून पुन्हा आणलेल्या वस्तूंचा खर्च आमच्या वहीत ‘किरकोळ’ या सदरात जात असे, आणि ते सदर वाणसामानाच्या निम्म्यापर्यंत पोचले होते. ही गोष्ट नुसता जमाखर्च लिहून मला कधीच कळली नसती, कारण वही खर्च झालेला दाखवते, त्यातला किती अनावश्यक होता ते दाखवत नाही. म्हणूनच मी आवराआवर आणि अंदाजपत्रक यांविषयी एकत्र लिहिले.

अंदाजपत्रकात सर्वाधिक उपयोगी पडलेली सुधारणाही अगदी साधी आहे. शाळेची फी, विम्याचे हप्ते, मालमत्ता कर, गाडीची सर्व्हिसिंग, गणपती आणि दिवाळी हे खर्च दरवर्षी ठरल्या वेळी येतात, तरी दरवर्षी अचानक आल्यासारखे वाटतात. मग ते क्रेडिट कार्डावर जातात आणि पुढचे चार महिने त्याची थकबाकी फेडण्यात जातात. या सगळ्यांची बेरीज करून तिचा बारावा भाग दरमहा वेगळ्या खात्यात ठेवायला सुरुवात केल्यावर कर्जात भरायची रक्कम मध्येच मोडावी लागेनाशी झाली. भाजीत चार रुपये वाचवण्यापेक्षा याचा परिणाम कितीतरी मोठा होता. भाजीवालीशी घासाघीस मी तेव्हाही करत नव्हते.

आता एसआयपीविषयी. आपला हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. कर्जात भरलेल्या जादा रुपयावर मिळणारा परतावा नेमका कर्जाच्या व्याजदराएवढा असतो, त्याहून एक पैसाही जास्त नाही. वर दिलेले ‘12 लाख वाचले’सारखे आकडे वाचताना हे विसरू नये. दीर्घ मुदतीत शेअर बाजाराने यापेक्षा अधिक परतावा दिल्याचे दाखले आहेत. जुन्या करप्रणालीत 30 टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याला, ज्या व्याजावर वजावट मिळते त्यापुरते, साडेआठ टक्क्यांचे कर्ज प्रत्यक्षात सहा टक्क्यांच्या आतच पडते, आणि अशा माणसाने आपला मार्ग धरला तर मी त्याला चूक म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की तुलना सारख्याशी व्हावी. कर्जातील साडेआठ टक्के निश्चित आणि करमुक्त आहेत; 7 टक्क्यांची मुदत ठेव 30 टक्के कर कापल्यावर 4.9 टक्के उरते. आणि शेअर बाजारातील परतावा अधिक असला तरी अनिश्चित आहे. जानेवारी 2020 मध्ये 42,000 च्या वर गेलेला सेन्सेक्स (मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक) 23 मार्च 2020 रोजी 26,000 च्या खाली बंद झाला होता. त्या आठवड्यात, पगारकपातीच्या बातम्या येत असताना, ज्यांनी एसआयपी थांबवली नाही त्यांना पुढे भरपूर लाभ झाला. आमच्या घरात तेवढा धीर नव्हता आणि नाही. आपल्याकडे असेल, तर आपले गणित माझ्यापेक्षा सरस ठरेल.

‘स्वस्त कर्ज’ या शब्दांना मात्र माझी हरकत आहे, कारण बदलत्या दराचे कर्ज स्वस्त राहीलच याची हमी कोणी देत नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती इतर बँकांना कर्ज देते तो) 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला. 6.9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलेल्या 32 लाखांच्या नव्या कर्जाचा हप्ता सुमारे 24,600 रुपये होता, दर 9.4 टक्क्यांवर गेल्यावर त्या रकमेवरचे महिन्याचे नुसते व्याजच 25,000 च्या वर जाते. हप्ता तोच ठेवला, तर मुद्दल कमी होण्याऐवजी वाढू लागते. अनेक बँकांनी या काळात हप्त्याला हात न लावता मुदत लांबवली आणि बऱ्याच कर्जदारांना ते उशिरा कळले. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा असे बजावले. 2025 मध्ये रेपो दर पुन्हा उतरला, हे मान्य. पण ज्याचे मुद्दल आधीच कमी झालेले असते त्याला चढउताराचा त्रास दोन्ही वेळा कमी होतो.

दंडाची भीती अनाठायी आहे. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेण्यास रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बँकांना मनाई केली. स्थिर दराचे कर्ज असल्यास करारपत्र पाहावे. करसवलतीचे म्हणाल, तर जुन्या करप्रणालीत स्वतःच्या राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंत वजावट मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. आणि मिळते तिथेही 2 लाख बँकेला देऊन सुमारे 62,000 रुपयांचा कर वाचतो. एक सावधगिरी मात्र सुचवते. जादा रक्कम भरताना ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असा लेखी अर्ज द्यावा. आमच्या बँकेने पहिल्या वेळी न विचारता हप्ता कमी केला होता आणि तो पूर्ववत करून घेण्यासाठी शाखेत फेऱ्या माराव्या लागल्या. तसेच सहा महिन्यांचे हप्ते व घरखर्च बाजूला असल्याशिवाय, आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी व वैयक्तिक कर्ज फिटल्याशिवाय, गृहकर्जात एक रुपयाही जादा भरू नये.

सासूबाईंच्या भांड्यांबद्दल आपण रागाने लिहिले आहे. तांब्याचा बंब, मोठी परात आणि घंगाळ आजही आमच्या घरात आहेत. बाकीच्यांपैकी काय ठेवायचे आणि काय द्यायचे ते त्यांनी स्वतः ठरवले, दोन हंडे नणंदेकडे पाठवले, आणि मोडीचा भावही माझ्यापेक्षा त्यांनीच चांगला करून घेतला. मुलांच्या सहली आणि वाढदिवस थांबले नाहीत; खेळण्यांची संख्या कमी झाली, हे खरे. हॉटेलात जाणे कमी झाले याची तक्रार मुलांपेक्षा त्यांच्या वडिलांची अधिक होती.

कागदांच्या बाबतीत, होय, ते मिळाले. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2023 च्या आदेशानुसार, कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करणे आणि तारणाची नोंद काढून टाकणे बँकेला बंधनकारक आहे. विलंब बँकेमुळे झाला असेल तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. तरीही कर्ज मंजूर होताना बँकेने दिलेली जमा कागदपत्रांची यादी शोधून ठेवावी आणि परत घेताना तिच्याशी एकेक कागद ताडून पाहावा. त्यात मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा व्यवहाराचा उतारा) आणि नोंदणीची पावती असतेच. ‘थकबाकी नाही’ असा दाखला घ्यावा, सेरसाई या केंद्रीय नोंदणीतील तारणाची नोंद काढली गेल्याची खात्री करावी, आणि सोसायटीच्या दप्तरात बँकेचा बोजा नोंदवलेला असल्यास त्या दाखल्याची प्रत जोडून सचिवांकडे तो उतरवण्याचा अर्ज द्यावा. ही शेवटची नोंद बँक आपल्या वतीने काढत नाही.